काढा घ्या, पण डॉक्टरांपासून लपवू नका

आषाढी एकादशीनंतरची पहाट होती. पाच-सव्वापाच वाजले असतील. दवाखान्याच्या दारावर कोणीतरी जोरजोरात थापा मारत होते. दार उघडले तर समोर रिक्षा उभी आणि रिक्षात आमच्या गावातले एक निवृत्त गुरुजी मुलाच्या खांद्यावर मान टाकून पडलेले. अंगातला सदरा घामाने चिंब. हाक मारली की डोळे किलकिले करत, पण ओळख म्हणून नाही. काकू रडत सांगत होत्या, "डॉक्टर, काल एकादशीचा उपास होता हो यांचा. पण आजवर इतक्या एकादश्या केल्या, असं कधी झालं नव्हतं."

बोटाला सुई टोचून रक्तातील साखर पाहिली. ३६ निघाली! निरोगी माणसाची उपाशीपोटी साखर ७० ते १०० च्या दरम्यान असते. ७० च्या खाली गेली की मधुमेही माणसासाठी ती धोक्याची घंटा असते. ३६ म्हणजे मेंदूला खुराकच नाही. ताबडतोब शिरेतून ग्लुकोज दिले. दहा मिनिटांत गुरुजींनी डोळे उघडले आणि "मी इथं कसा?" असे विचारले. मुलाच्या जिवात जीव आला. "आता घरी नेऊ ना?" असे तो म्हणू लागला. मी त्याला थांबवले. ते बरे झाले, कारण दोन तासांनी पुन्हा पाहिले तर साखर ५८ वर घसरलेली. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सलाइन चालू ठेवावे लागले.

गुरुजींचा मधुमेह चौदा वर्षांचा जुना. माणूस शिस्तीचा, रोज सकाळी नदीपर्यंत फिरून येणारा. मग असे का व्हावे? दुपारी काकूंना बाजूला घेऊन विचारले, "गोळ्यांखेरीज आणखी काही घेतात का?" काकूंनी थोडे आढेवेढे घेतले आणि मग पिशवीतून वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली एक पुडी काढली. आत हिरवट-तपकिरी कडू चूर्ण. वर ना नाव, ना घटक, ना तारीख. एका ओळखीच्या गृहस्थांनी कुठूनसे आणून दिलेले. गुरुजी माघ महिन्यापासून ते सकाळ-संध्याकाळ घेत होते.

"मग मला कधी बोलला कसे नाहीत?" मी जरा चढ्या आवाजातच विचारले.

काकू म्हणाल्या, "रागावू नका, पण मागं आमच्या शेजारच्या वहिनींनी तुम्हाला कारल्याच्या रसाचं विचारलं होतं. तुम्ही फाइल बाजूला सारून म्हणालात, 'मग रसच प्या, माझ्याकडं कशाला येता?' ते आम्ही ऐकलं होतं."

वाचकहो, यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

काय घडले होते?

दिवसभरात सगळी साखळी जुळली. चूर्ण सुरू केल्यावर गुरुजींना हुरूप आला होता. आता गोळ्या कमी करायला हरकत नाही, असे ठरवून त्यांनी त्या दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. चैत्रात ते तपासणीला आले तेव्हा साखर वाढलेली. गोळ्या अर्ध्याच पोटात जात आहेत, हे मला माहीत नव्हते. मला वाटले, आजार पुढे सरकला. मी ग्लिमेपिराइडची मात्रा दुप्पट केली. तरीही गुरुजी त्या दिवसाआडच घेत राहिले.

आषाढात मुलगा पुण्याहून आला. कपाटात न उघडलेल्या गोळ्यांच्या पट्ट्यांचा ढीग पाहून तो चिडला. त्या दिवसापासून त्याने स्वतःसमोर वडिलांना वाढीव मात्रेची गोळी रोज द्यायला सुरुवात केली. गुरुजींनी मुकाट्याने गोळी घेतली, पण चूर्णही सोडले नाही. त्यात आली एकादशी. दिवसभरात एक पेला दूध आणि चार खजूर, एवढाच आहार. गोळी मात्र घेतली आणि चूर्णही घेतले. पहाटे साखर ३६.

यात दोष एकट्या पुडीचा नव्हता. दुप्पट झालेली गोळी आणि कडक उपास एवढ्यानेही हे घडू शकले असते. खरा घोटाळा वेगळाच होता. गुरुजींना पुडीची माहिती होती, मुलाला गोळ्यांची आणि मला रक्ताच्या आकड्यांची. तिघांनाही पूर्ण हिशेब ठाऊक नव्हता. गुरुजींनी सांगितले नाही, ही त्यांची चूक. आणि मी विचारले नाही, ही माझी. किंबहुना कोणी सांगूच नये अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती.

त्या दिवसापासून मी प्रत्येक मधुमेही रुग्णाला पहिला प्रश्न हाच विचारतो, "गोळ्यांबरोबर घरचं, झाडपाल्याचं काय काय घेता? मी रागावणार नाही, खरं सांगा." अनेक जण आधी हसतात, मग सांगतात. मेथी, कारले, जांभळाच्या बिया, कडुनिंब, गुडमार, दालचिनी, 'इन्सुलिनच्या झाडाची' पाने. घरटी एक तरी वस्तू निघते.

झाडपाल्याला हसू नये

भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आला. एवढ्या लोकांनी घरच्या उपायांकडे वळू नये, असे म्हणणे व्यर्थ आहे. शिवाय झाडपाल्याला हसणाऱ्या आम्हा डॉक्टरांनी आपल्या औषधांचा इतिहास जरा आठवावा.

आज मधुमेहात सर्वांत जास्त दिली जाणारी गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. तिचे मूळ एका झाडात आहे. युरोपात गॅलेगा नावाची जांभळट फुलांची एक वनस्पती आहे. फार तहान आणि फार लघवी होणाऱ्या रुग्णांना तिकडचे जुने वैद्य ती देत. तिच्यात साखर उतरवणारे द्रव्य आहे, पण ते विषारीही आहे. त्याच धर्तीवरची, परंतु सुरक्षित अशी संयुगे प्रयोगशाळेत तयार झाली. त्यांपैकी मेटफॉर्मिनचा मधुमेही रुग्णांवरचा उपयोग पॅरिसचे डॉ. जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये जगापुढे मांडला.

दुसरे उदाहरण सफरचंदाच्या झाडाच्या सालीचे. तिच्यातून १८३५ मध्ये फ्लोरिझिन नावाचे द्रव्य वेगळे काढले गेले. हे द्रव्य मूत्रपिंडावाटे साखर बाहेर टाकायला लावते. त्यावरून बेतलेली डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे आज हृदय आणि मूत्रपिंड जपण्यासाठीही दिली जातात. २०२० मध्ये आपल्याकडे या औषधाचे पेटंट संपल्यावर ते सामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

म्हणजे झाडात गुण असतो, यात शंका नाही. पण त्या झाडापासून गोळीपर्यंतचा प्रवास कशासाठी झाला? विषारी भाग दूर करण्यासाठी, आणि प्रत्येक घासात तेवढीच मात्रा जावी यासाठी. आपण पुडीतून घेतो तेव्हा या दोन्ही गोष्टींची हमी कोणी देत नाही.

आणि आयुर्वेदाचे नाव घेणाऱ्यांनी आयुर्वेद तरी पुरता पाळावा. चरक-सुश्रुतांनी प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आणि मधुमेह त्यांत गणला. सुश्रुतांनी तर जन्मजात आणि अपथ्याने होणारा, असे दोन भेदही सांगितले. त्यांच्या उपचारात जवाचे अन्न, मिताहार, भरपूर चालणे आणि अंगमेहनत यांना मोठे स्थान आहे. आपण त्यातले चूर्ण तेवढे उचलतो आणि पथ्य व चालणे सोयीस्करपणे विसरतो!

कशात किती दम?

कडू खाल्ले की गोड मरते, असा आपल्याकडे समज आहे. पण कडूपणा म्हणजे औषध नव्हे. एकेक वस्तू तपासून पाहू.

मेथी : घरच्या उपायांत मेथीची बाजू बरीच भक्कम आहे. मेथीदाण्यातील चिकट तंतू पोटात फुगतात आणि अन्नातली साखर रक्तात सावकाश जाऊ देतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इन्सुलिनवरच्या रुग्णांना जेवणातून मेथीची पूड दिल्यावर त्यांची उपाशीपोटीची साखर उतरलेली आढळली. पण ती पूड दिवसाला १०० ग्रॅम होती आणि तिच्यातले तेल काढलेले होते. आपण रात्री भिजवतो ते चमचाभर दाणे. त्यांचा उपयोग होतो, पण माफक. अपाय फारसा नाही, मात्र पोटात गॅस होऊ शकतो. चिकट तंतूंमुळे इतर औषधांच्या शोषणात अडथळा येऊ नये म्हणून मेथी आणि गोळ्या यांत तास-दोन तासांचे अंतर ठेवावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मेथीची पूड डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

कारले : कारल्यात साखर उतरवणारी द्रव्ये आहेत, हे खरे. थायलंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज २ ग्रॅम वाळवलेल्या कारल्याची तुलना १ ग्रॅम मेटफॉर्मिनशी केली गेली. कारल्याने साखर उतरली, पण मेटफॉर्मिनपेक्षा कमी. भाजी म्हणून कारले उत्तम. रस पेलाभर पिण्यात शहाणपण नाही. पोटात कळ, जुलाब होतात. गरोदर स्त्रियांनी तर रस टाळावाच.

गुडमार : हिलाच मधुनाशिनी म्हणतात. हिचे पान चावून साखर खाल्ली तर साखर वाळूसारखी लागते. ही गंमत मी स्वतः घेतली आहे. जिभेवरची गोडी काही वेळ नाहीशी होते, पण त्यावरून रक्तातली साखर नाहीशी झाली असे होत नाही. तरी ही वनस्पती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. मद्रास विद्यापीठातील संशोधकांनी १९९० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २२ रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीने गुडमारचा अर्क १८ ते २० महिने दिला. साखर सुधारली, गोळ्यांची मात्रा कमी करता आली आणि ५ जणांच्या गोळ्या थांबवताही आल्या. रुग्ण थोडे होते, त्यामुळे यावरून मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. तिथे गोळ्या तपासण्या करत, वैद्यकीय देखरेखीखाली कमी केल्या गेल्या. रुग्णांनी स्वतःच्या मनाने नव्हे.

बिबळा, म्हणजेच विजयसार : या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी सकाळी तपकिरी होते. ते पिण्याची पद्धत जुनी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नव्याने मधुमेह निघालेल्या ९७ रुग्णांवर विजयसारचा अर्क वापरून पाहिला. १९९८ मध्ये त्याचा अहवाल आला. १२ आठवड्यांत ६७ जणांची साखर आटोक्यात आली. उत्साह वाटावा असाच हा आकडा आहे. पण हे सगळे नवे रुग्ण होते, आणि त्यांना मोजून मापून अर्क दिला होता. चौदा वर्षे जुन्या मधुमेहाला जत्रेतल्या पेल्यातले पाणी तेवढेच लागू पडेल, असे समजू नये.

'इन्सुलिनचे झाड' : अलीकडे अंगणाअंगणात हे झाड दिसते. नावामुळे फसू नका. त्याच्या पानात इन्सुलिन नाही. आणि असते तरी पोटात पचून गेले असते. म्हणूनच तर इन्सुलिन टोचून घ्यावे लागते! एक तरुण मुलगा इन्सुलिन बंद करून ही पाने चावत होता. त्याच्या वडिलांना हे समजावताना माझा घसा कोरडा पडला होता.

बिघडते कुठे?

माझ्या अनुभवात झाडपाला आणि गोळ्या यांचा संसार चार ठिकाणी मोडतो.

पहिले ठिकाण म्हणजे बेरीज. मेटफॉर्मिन एकटी असेल तर साखर सहसा धोकादायक उतरत नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. इन्सुलिनच्या इंजेक्शनचे तर सांगायलाच नको. यांच्या जोडीला साखर उतरवणारे दुसरे काही आले आणि जेवण चुकले, तर साखर नको तितकी खाली जाते. वय झालेल्या आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसांत गोळीचा अंमल लांबतो, म्हणून धोका अधिक.

दुसरे ठिकाण म्हणजे वजाबाकी. चूर्ण सुरू केले म्हणून गोळ्या बंद. महिनाभर बरे वाटते, कारण वाढलेली साखर दुखत नाही. पण आत डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि पायाच्या नसा झिजत राहतात. एका शेतकऱ्याने असेच आठ महिने काढले. पायात बाभळीचा काटा मोडला तो त्याला कळलाही नाही. माझ्याकडे आला तेव्हा अंगठा काळा पडला होता. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावे लागले. अंगठा गेला. पाय वाचला, हेच नशीब.

तिसरे ठिकाण म्हणजे भेसळ. "अगदी शुद्ध आयुर्वेदिक, पण आठ दिवसांत गुण!" असे कोणी म्हणाले की मला शंका येते. अशा चूर्णांत ॲलोपॅथीचीच गोळी कुटून घातल्याचे प्रकार अनेक देशांत उघडकीस आले आहेत. २००८ साली सिंगापूरमध्ये जे घडले ते ऐकून ठेवा. मधुमेह नसलेले सुमारे १५० लोक साखर एकाएकी उतरल्यामुळे रुग्णालयात भरती झाले. त्यांच्यापैकी काहींनी शक्तिवर्धक म्हणून विकले जाणारे बेकायदा औषध घेतले होते. त्यात मधुमेहाची ग्लिबेनक्लामाइड सापडली. या साथीत ४ माणसे दगावली. आता विचार करा, जी गोळी तुम्ही डॉक्टरांकडून घेता तीच पुडीतूनही पोटात जात असेल तर काय होईल?

चौथे ठिकाण म्हणजे रसांचे वेड. २०१० मध्ये दिल्लीतल्या एका मधुमेही शास्त्रज्ञाचा दुधी आणि कारल्याचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. दुधी एरवी निरुपद्रवी, पण एखादा दुधी कडू निघतो. त्या कडूपणात विष असते. नुसता दुधीचा रस असेल तर जिभेला कडूपणा कळतो. कारल्याचा रस मिसळला की तो कळणार कसा? या प्रकारानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही हाच इशारा दिला : दुधीची फोड आधी चाखून पाहा, कडू लागली तर तो दुधी फेकून द्या आणि दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नका.

एक गोष्ट कायद्याची. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना आपल्या देशात १९५४ पासून कायद्याने बंदी आहे. तेव्हा "मधुमेह मुळासकट बरा" असे ज्या फलकावर लिहिलेले दिसेल, तिथे कायदा मोडला जातो आहे एवढे तरी ओळखा.

मग दोन्ही घ्यावे तरी कसे?

माझ्या दवाखान्यापासून चार घरांवर एक वैद्य बसतात. रीतसर शिकलेले, अनुभवी. पूर्वी आमची फक्त रामराम करण्यापुरती ओळख होती. गुरुजींच्या प्रकारानंतर मी आपणहून त्यांच्याकडे गेलो. चहा पिता पिता आम्ही एक साधी गोष्ट ठरवली. रुग्ण दोघांकडे जात असेल तर त्याची वही एकच. शाळकरी पोराच्या असते तशी शंभर पानी. त्यात मी गोळी लिहिणार, ते काढा लिहिणार आणि साखरेचे आकडे रुग्ण लिहिणार. या वहीने आम्हाला दोघांनाही बरेच शिकवले. आमचा अनुभव नियमांच्या रूपात सांगतो.

एक : घेता ते सगळे वहीत लिहा. चमचाभर मेथीसुद्धा. वही डॉक्टर आणि वैद्य दोघांनाही दाखवा.

दोन : नवे काही सुरू करायचे तर एका वेळी एकच. पाच वस्तूंचे मिश्रण घेतले तर गुण कशाचा आणि त्रास कशाचा, हे कळत नाही.

तीन : सुरू केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. तीन महिन्यांनी एचबीए१सी करा. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. त्या दिवशीच्या पथ्याने ती फसत नाही. आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवा. फरक नसेल तर पैसे आणि जीभ दोन्हींचे हाल थांबवा.

चार : गोळी कमी करायची की बंद करायची, हे आकडे पाहून डॉक्टर ठरवतील. साखर खरोखर उतरत असेल तर गोळी कमी करणे आमचे कामच आहे. ते आम्ही आनंदाने करतो.

पाच : पुडी घेऊ नका. उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, घटक आणि तारीख छापलेली बंद डबीच घ्या, तीही वैद्यांच्या सल्ल्याने. वर्षातून एकदा क्रिएटिनिनची तपासणी करून मूत्रपिंड पाहून घ्या.

सहा : चातुर्मासात उपास करणार असाल तर आधी विचारा. उपासाच्या दिवशी गोळीची किंवा इन्सुलिनची मात्रा बदलावी लागते. पूर्ण उपाशी राहून रोजचीच गोळी घेणे धोक्याचे आहे. आणि साबुदाणा, रताळे भरपेट खाल्ले तर साखर उलट चढते!

काही जणांनी मात्र प्रयोग करूच नयेत. इन्सुलिनवर असलेली लहान मुले आणि तरुण, ज्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यांनी एक दिवसही इन्सुलिन चुकवू नये. त्याला झाडपाल्याचा पर्याय नाही. १९२२ साली इन्सुलिन रुग्णांना मिळू लागण्यापूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. गरोदर स्त्रिया, मूत्रपिंड किंवा यकृताचे रुग्ण, आणि ज्यांचे ऑपरेशन ठरले आहे त्यांनीही चूर्ण-काढे आपल्या मनाने घेऊ नयेत.

आणि घरातल्या सर्वांनी हे पाठ करावे. मधुमेही माणसाला एकाएकी घाम फुटला, हात थरथरू लागले, भूक भडकली किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर साखर उतरली असे समजा. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच पाजा. पंधरा मिनिटांनी साखर तपासा, कमी असेल तर पुन्हा द्या, आणि मग पोटभर खायला घाला. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. सरळ दवाखाना गाठा. आणि माणूस उठून बसला म्हणून लगेच घरी नेण्याची घाई करू नका. गोळीचा अंमल कित्येक तास राहतो, साखर पुन्हा उतरते. गुरुजींचे तेच झाले होते.

गुरुजी आता ठणठणीत आहेत. ती पुडी गेली. वैद्यांच्या सल्ल्याने सध्या फक्त मेथीची पूड चालू आहे, तीही वहीत लिहून. ग्लिमेपिराइड मी पूर्वीपेक्षाही कमी केली, कारण गोळी रोज वेळेवर जाऊ लागल्यावर तेवढीच पुरली. यंदा आषाढीच्या आठ दिवस आधी ते वही घेऊन आले. शाळेत पोरांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाने आपली वही माझ्यासमोर उघडून ठेवली आणि म्हणाले, "डॉक्टर, उपासाचं काय करायचं ते लिहा. आणि हो, काकूंनी शेजारच्या वहिनींना पाठवलंय. बाहेर बसल्यात. कारल्याचं विचारायचंय त्यांना. रागावू नका हं!"

मी वहिनींना आत बोलावले आणि आधी एक कोरी वही हातात दिली.